पिवळ्या दिव्याची साक्ष



आज मी आपणांशीं मोटारीच्या इंजिनांतील एका अगदीं लहान भागाविषयीं बोलणार आहे. हा भाग अंगठ्याएवढा असतो, बहुधा एकाच बोल्टनें बसविलेला असतो, आणि तो आपल्या गाडींत आहे हें पुष्कळ मोटारमालकांना ठाऊकही नसतें. त्याचें नांव कॅमशाफ्ट सेन्सर. त्याच्या कामांत व्यत्यय आला म्हणजे चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गाडी सुरू होण्यास वेळ लावते, सिग्नलपाशीं उभी असतां थरथरते, चढावर दम टाकते, आणि कधीं कधीं चालतां चालतां एकाएकीं बंद पडते. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला यंत्राचें जें साहाय्य मिळतें तें दोनतीन वेळां पाय दाबतांच संपतें, आणि पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगही जड होतें. घाटाच्या उतारावर, मागून ट्रक येत असतां असा प्रसंग ओढवला तर त्यांत जिवाचा धोका आहे. म्हणून ह्या लहानशा भागाची ओळख यंत्राची हौस असणारांनाच नव्हे, तर ज्यांच्या घरीं मोटार आहे त्या प्रत्येकास असणें इष्ट आहे.

आधीं हा सेन्सर करतो तरी काय, तें पाहूं. आजच्या पेट्रोल-गाड्यांचें इंजिन ज्या रीतीनें चालतें ती रीति जर्मनींत निकोलाउस ओटो ह्यानें १८७६ सालीं प्रत्यक्षांत आणली. तींत एका चक्राचे चार टप्पे असतात. पिस्टन खालीं जातांना हवा व पेट्रोल आंत ओढलें जातें. वर येतांना तें मिश्रण दाबलें जातें. मग ठिणगी पडून तें पेटतें व पिस्टनला जोरानें खालीं ढकलतें. शेवटीं पिस्टन पुन्हां वर येऊन जळलेला धूर बाहेर लोटतो. ह्या चार टप्प्यांत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखालीं होण्याचें फिरण्यांत रूपांतर करणारा दांडा, दोन फेरे घेतो. हवा आंत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हाल्व्ह उघडणारा दुसरा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, तेवढ्याच वेळांत एक फेरा घेतो. दोन्ही दांडे एका साखळीनें किंवा पट्ट्यानें जखडलेले असतात, म्हणून हें दोनास एक प्रमाण कधीं चुकत नाहीं; निदान चुकतां कामा नये.

आतां येथें एक अडचण उत्पन्न होते. एका चक्रांत पिस्टन दोनदां अगदीं वरच्या टोंकास येतो: एकदां मिश्रण दाबून झाल्यावर, आणि एकदां धूर बाहेर टाकून झाल्यावर. पहिल्या वेळीं ठिणगी हवी. दुसऱ्या वेळीं तिचा कांहीं उपयोग नाहीं. क्रँकशाफ्टवरही एक सेन्सर असतो. पण त्याला ह्या दोन वेळा सारख्याच दिसतात. आपल्या भिंतीवरील घड्याळाची गोष्ट अशीच आहे. कांटा सहावर आला हें घड्याळ सांगतें. पण सकाळचे सहा कीं संध्याकाळचे, हें तें सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं खिडकींतून बाहेर पाहावें लागतें. कॅमशाफ्ट सेन्सर ही इंजिनाची ती खिडकी होय. क्रँकशाफ्टचा सेन्सर वेळ सांगतो, आणि कॅमशाफ्टचा सेन्सर सकाळ कीं संध्याकाळ तें सांगतो. दोघांची साक्ष एकत्र करून गाडीचा संगणक कोणत्या सिलिंडरमध्यें केव्हां पेट्रोल सोडावयाचें व केव्हां ठिणगी पाडावयाची हें ठरवितो.

ह्या कामास किती नेमकेपणा लागतो ह्याचा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत आहे असें समजा. म्हणजे सेकंदास ५० फेरे. प्रत्येक फेऱ्याचे ३६० अंश. म्हणजे एक अंश फिरण्यास सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागला. चार सिलिंडरांच्या इंजिनांत त्या एका सेकंदांत १०० ठिणग्या पाडावयाच्या असतात, आणि त्या कांहीं अंशांनीं जरी मागेंपुढें झाल्या तरी शक्ति कमी होते व पेट्रोल वायां जातें.

पूर्वींच्या गाड्यांत हें काम डिस्ट्रिब्यूटर करीत असे. तो कॅमशाफ्टच्याच चालीनें फिरे, म्हणून सकाळ-संध्याकाळचा प्रश्न त्याला कधीं पडलाच नाहीं. त्याचें झांकण काढलें कीं आंत काय चाललें आहे तें डोळ्यांनीं दिसे, आणि अनुभवी मिस्त्री नुसत्या आवाजावरून त्याची वेळ लावी. आतां त्याची जागा सेन्सर व संगणक ह्यांनीं घेतली आहे. त्यामुळें धूर कमी झाला, पेट्रोल वांचलें; मात्र बिघाड डोळ्यांआड गेला.

सेन्सरचे मुख्य प्रकार दोन. एकांत चुंबकाभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. दांड्यावरचा लोखंडी दांता जवळून गेला कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें व वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. हें तत्त्व फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. ह्या सेन्सरला बहुधा दोन वायरी असतात. दुसऱ्या प्रकारास अमेरिकेंतील एड्विन हॉल ह्या तरुणाचें नांव आहे. विजेचा प्रवाह वाहणाऱ्या सोन्याच्या पातळ पत्र्यावर चुंबकाचा काय परिणाम होतो हें पाहत असतां १८७९ सालीं त्याला हा शोध लागला. हॉल-सेन्सरला तीन वायरी असतात: एकींतून त्याला वीज मिळते, दुसरी अर्थची, आणि तिसरींतून त्याचा संकेत संगणकाकडे जातो. दांता आला, दांता गेला, एवढेंच हा संकेत सांगतो. त्याचा दाब शून्य आणि पांच व्होल्ट ह्यांच्यामध्यें, कांहीं गाड्यांत बारा व्होल्टपर्यंत, उडत असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत हाच प्रकार आढळतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. संकेत आला नाहीं, किंवा जुळला नाहीं, म्हणजे संगणक पिवळा दिवा लावतो आणि आपल्या स्मरणांत एक कोड लिहून ठेवतो. अमेरिकेंत १९९६ सालच्या गाड्यांपासून ह्या कोडांची एकच पद्धत बंधनकारक झाली, आणि आज आपल्याकडेही तीच चालते. त्या पद्धतींत कॅमशाफ्ट सेन्सरच्या मंडलाचा कोड पी ०३४० असा आहे. येथें मीं ‘मंडल’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. कोड असें म्हणत नाहीं कीं सेन्सर बिघडला. तो म्हणतो कीं सेन्सरच्या विद्युन्मंडलाकडून मला अपेक्षित वार्ता मिळाली नाहीं. त्या मंडलांत सेन्सर आहे, त्याचा कनेक्टर आहे, तीन वायरी आहेत, अर्थची जोडणी आहे, आणि शेवटीं संगणकही आहे. कोड हा साक्षीदार आहे. तो न्यायाधीश नव्हे. दुर्दैवानें पुष्कळ ठिकाणीं साक्ष ऐकतांच शिक्षा सुनावली जाते: कोड निघाला कीं सेन्सर बदलला!

आमच्या शेजारच्या एका कुटुंबाची हकीकत ह्या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. घरांतील सूनबाई परिचारिका आहेत. रात्रपाळी संपवून पहांटे त्या स्वतः गाडी चालवीत घरीं येतात. एका पावसाळ्याच्या आरंभीं गाडी रस्त्यांत बंद पडूं लागली. गॅरेजमध्यें स्कॅनर लावला, कोड निघाला पी ०३४०. सेन्सर बदलला, दिवा विझला. आठ दिवसांनीं तोच दिवा व तोच कोड. नवा भागच सदोष निघाला असें सांगून दुसरा बसविण्यांत आला. ह्या खेपेस दहाबारा दिवस बरे गेले, आणि मग एके पहांटे उड्डाणपुलाच्या चढावर गाडी पुन्हां उभी राहिली. अंधार, पाऊस, मागें वाहनांची रांग. आतां संगणकच बदलावा लागेल असा सल्ला मिळाला. तो खर्च ऐकून घरांत गाडी विकून टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. पण पहांटेच्या वेळीं दुसरें वाहन मिळावयाचें कसें, हा प्रश्न होताच.

अखेर त्यांनीं एका वयस्क मिस्त्रीस गाडी दाखविली. त्यानें कोड पाहिला, वहींत लिहून घेतला, आणि सेन्सरला हातही लावला नाहीं. त्यानें चावी चालू केली व मल्टिमीटरनें कनेक्टरवरची वीज मोजली. पांच व्होल्ट बरोबर होते. मीटर तसाच ठेवून तो वायरींच्या जुडग्यावरून बोटें फिरवीत, तो हळूहळू हलवीत गेला. बॅटरीच्या मागच्या बाजूस त्याचा हात लागतांच आंकडा पांचावरून शून्यावर आला. वरची टेप सोडली तों आंत उंदरानें कुरतडलेली वायर दोन-तीन बारीक तारांवर लोंबत असलेली दिसली. त्यानें ती कापून, डाख देऊन जोडली, वर नळी चढविली आणि जुडगा पुन्हां बांधला. सारें काम तासाभराचें. त्यानंतर तो दिवा लागला नाहीं.

मग मधल्या काळांत दोनदां गुण कां आला? सेन्सर बदलतांना प्रत्येक वेळीं जुडगा हलला, तुटक्या तारा कांहीं दिवस एकमेकींस टेकल्या, आणि स्कॅनरनें कोड पुसल्यामुळें दिवाही विझला. औषध घेतलें व ताप उतरला, एवढ्यावरून औषधानेंच ताप उतरला असें सिद्ध होत नाहीं. भूमितींत जी गोष्ट सिद्ध करावयाची तीच गृहीत धरली तर गुण मिळत नाहींत. यंत्रशास्त्रांत तसें केलें तर पैसे जातात, आणि एखाद्या वेळीं जीवही.

तर मग परीक्षा कोणत्या क्रमानें करावी? तो क्रम मी आतां सांगतों.

पहिली गोष्ट, कोड पुसण्यापूर्वीं लिहून घ्यावा. कोडाबरोबर त्या क्षणाची इतर माहितीही संगणकानें बहुधा नोंदलेली असते: इंजिनाची उष्णता किती होती, फेरे किती होते, गाडीचा वेग काय होता. बिघाड थंड इंजिनांत होतो कीं तापलेल्या, हें त्यावरून समजतें. पुसण्याची घाई केली तर हा पुरावाच नष्ट होतो.

दुसरी गोष्ट, बॅटरी. इंजिन बंद असतां चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा, आणि इंजिन चालू असतां बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.५ व्होल्ट असतो. बॅटरी मरगळलेली असली तर स्टार्टर मारतांना दाब इतका उतरतो कीं सेन्सर व संगणक दोघेही गोंधळतात, आणि दोष मात्र भलत्याच भागावर येतो.

तिसरी गोष्ट, डोळ्यांनीं तपासणी. सेन्सर बहुधा इंजिनाच्या वरच्या भागीं, कॅमशाफ्टच्या टोंकाजवळ असतो. चावी बंद करून त्याचा कनेक्टर काढावा. पिनांवर हिरवट गंज आहे काय? आंत तेल झिरपलें आहे काय? पकडण्याची खुंटी तुटली आहे काय? मग वायर जेथें वळते, जेथें पत्र्याला घांसते, जेथें टेप फाटली आहे, तेथें नीट पाहावें. आपल्याकडे पावसाळ्यांत उंदीर-घुशी इंजिनाच्या उबेस येऊन बसतात. त्यांच्या दांतांची खूण शोधावी. पुष्कळदां तपास येथेंच संपतो.

चौथी गोष्ट, मोजमाप. कनेक्टर काढलेलाच ठेवून चावी चालू करावी; इंजिन सुरू करूं नये. तीन वायरींच्या सेन्सरमध्यें पुरवठ्याच्या वायरीवर गाडीच्या पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें पांच किंवा बारा व्होल्ट मिळाले पाहिजेत. अर्थची वायर खरोखर अर्थला पोंचते कीं नाहीं तें पाहावें. पुरवठा नसेल तर दोष वायरींत, फ्यूजमध्यें किंवा संगणकाकडे. तेथें नवा सेन्सर बसवून कांहीं साधत नाहीं. दोन्ही ठीक असतील तर कनेक्टर परत जोडावा, त्याच्या मागल्या बाजूनें संकेताच्या वायरीस मीटरची बारीक सुई लावावी, आणि क्रँकशाफ्टच्या पुलीवरील बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमींच्याच दिशेनें हातानें हळूहळू फिरवावें. दांता येतांच आंकडा वर, दांता जातांच खालीं, असा खेळ दिसला तर सेन्सर निदान त्या वेळीं काम करीत आहे. पुरवठा आहे, अर्थ आहे, संकेताची वायर शाबूत आहे, आणि तरीही आंकडा एकाच ठिकाणीं खिळून राहतो, असें आढळलें म्हणजेच सेन्सरवर आरोप सिद्ध झाला. हॉल-सेन्सरच्या आंत सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक मंडल असतें. म्हणून जुन्या वेटोळ्याप्रमाणें त्याचा ओहम मोजून निर्णय करूं नये.

कांहीं सेन्सर थंड असतां शहाण्यासारखे वागतात आणि तापल्यावर मुके होतात. गाडी अर्ध्या तासानें बंद पडते व निवल्यावर सुरू होते, असें असेल तर केस वाळविण्याच्या यंत्रानें सेन्सरला बाहेरून ऊब देऊन हीच परीक्षा पुन्हां करावी.

सेन्सर बदलण्याचें काम त्या मानानें सोपें आहे. इंजिन थंड असावें. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. सेन्सरच्या भोंवतालची धूळ पुसून घ्यावी, म्हणजे ती इंजिनांत पडणार नाहीं. बोल्ट काढून सेन्सर हातानें किंचित् फिरवीत सरळ ओढावा. स्क्रूड्रायव्हरनें उचकटूं नये, कारण प्लॅस्टिक मोडून तुकडा आंतच राहण्याची भीति असते. जुन्या सेन्सरच्या टोंकास लोखंडाचा कीस चिकटला असेल तर इंजिनांत कांहीं झिजत आहे हें ओळखावें. नव्या सेन्सरच्या रबरी ओ-रिंगला इंजिनाच्या तेलाचें बोट लावावें, तो पूर्ण बसवावा, आणि बोल्ट गाडीच्या पुस्तकांत दिला असेल तेवढ्याच जोरानें आवळावा. बोल्ट लहान व घर ॲल्युमिनियमचें असल्यामुळें अधिक जोर केला तर आटे जातात. शेवटीं कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावा, कोड पुसावा, आणि गाडी थंड व गरम अशा दोन्ही स्थितींत चालवून पाहावी. कांहीं गाड्यांत नव्या सेन्सरची ओळख संगणकास स्कॅनरनें करून द्यावी लागते.

एका प्रसंगीं मात्र विशेष सावध राहिलें पाहिजे. पी ०३४१ किंवा पी ००१६ असा कोड आला, म्हणजे संकेत मिळतो पण तो क्रँकशाफ्टशीं जुळत नाहीं, आणि त्याबरोबर सकाळीं इंजिन सुरू करतांना साखळीची खडखड ऐकूं येते, तर सेन्सर बहुधा खरेंच बोलत असतो. टायमिंगची साखळी सैल झालेली असते किंवा पट्टा एखादा दांता सरकलेला असतो. पुष्कळ इंजिनांत व्हाल्व्ह व पिस्टन ह्यांच्या वाटा इतक्या जवळून जातात कीं वेळ फार चुकली तर ते एकमेकांवर आदळतात, आणि मग सारें इंजिन उघडावें लागतें. अशा गाडीचा सेन्सर बदलून तिला रस्त्यावर काढणें म्हणजे खरें सांगणाऱ्या साक्षीदाराचें तोंड बंद करणें होय. ती गाडी ओढूनच न्यावी.

हीं सर्व कामें प्रत्येकानें स्वतः करावींत असें माझें म्हणणें नाहीं. मीटर धरण्याची संवय नसेल त्यानें तें काम जाणत्या मिस्त्रीवरच सोंपवावें. पण गाडी आपली आहे, पैसे आपले आहेत, आणि तींत आपलींच माणसें बसतात. म्हणून चार प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस निश्चित आहे. कोड कोणता निघाला? कनेक्टरवर पुरवठा व अर्थ मोजला काय, आणि किती भरला? संकेत तपासला काय? वायरींचा जुडगा हलवून पाहिला काय? ह्या प्रश्नांना आंकड्यांनीं उत्तर मिळालें तर त्या मिस्त्रीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं, आणि तपासणीच्या श्रमाचे पैसे त्याला आनंदानें द्यावेत. आपण भागाची किंमत निमूटपणें देतों आणि तपासणीचे पैसे देतांना घासाघीस करतों. मग तपासणी न करतां भाग बदलण्याची चाल पडली तर नवल नाहीं. भाग बदललाच तर जुना भाग मागून घ्यावा.

आपल्या बाजूनेंही थोडी काळजी घेतां येते. इंजिनाचें तेल वेळेवर बदलावें, म्हणजे साखळी टिकते. इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारवूं नये. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली असेल तर सुरू करण्यापूर्वीं बॉनेट उघडून एकदां आंत पाहावें. पिवळा दिवा लागला तर तो केव्हां लागला, इंजिन थंड होतें कीं गरम, पाऊस होता काय, हें एका कागदावर टिपून ठेवावें. दिवा स्थिर असेल व गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाण्यास हरकत नसते. पण तो उघडझांप करीत असेल किंवा गाडी मधेंच बंद पडत असेल तर प्रवास पुढें रेटूं नये. आणि मिस्त्रीकडे गेल्यावर “सेन्सर बदलून द्या” असें म्हणूं नये. “दोष कोठें आहे तें शोधून द्या,” असें म्हणावें.